भात-पोळी सोडल्यावर चिडचिड वाढली? आधी शुगर तपासा

कमी कार्बच्या (म्हणजे भात, पोळी, साखर यांतली कर्बोदकं कमी केलेल्या) आहाराबद्दल पत्रांचा ढीग साचला आहे, आणि गोंधळ बहुतेक पत्रांत एकच आहे. वजन उतरतंय, शुगर उतरतेय, पण माणूस चिडका झालाय, नाहीतर गप्प गप्प राहतोय. हे आहारामुळे की मनामुळे? उत्तर बरंचसं घरातल्या औषधांच्या डब्यात असतं, आणि कोणती औषधं चालू आहेत तेवढंच लिहायचं बहुतेकजण विसरतात.

प्रश्न : भात-पोळी पूर्ण बंद करून बारा दिवस झाले. वजन तीन किलो उतरलं. पण डोकं दुखतं, उठताना अंधारी येते, कुणी काही बोललं की सहन होत नाही. जिममधले सर म्हणतात, शरीरातलं विष बाहेर पडतंय. (वय ३४, नाशिक)

विष नाही, पाणी आणि मीठ बाहेर पडतंय. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन (शरीराने साखरेचा केलेला साठा) असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं. कार्ब बंद झाले की हा साठा संपत जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. तुमच्या तीन किलोंत चरबी थोडीच आहे. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त सोडतात. डोकेदुखी आणि अंधारी त्यातून येते. मेंदूला एरवी दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. ते कमी पडलं की तो चरबीपासून बनणाऱ्या कीटोन्सवर काम चालवायला शिकतो, आणि त्याला काही दिवस जातात. तेवढे दिवस माणूस तिरसट होतो. दुसरं काही दुखणं नसेल तर मीठ घातलेलं ताक, सूप घ्या, पाणी भरपूर प्या.

पण बीपीची गोळी चालू असेल, त्यातही लघवी वाढवणारी, तर मनाने मीठ वाढवू नका आणि गोळीही कमी करू नका. बारा दिवसांनीही अंधारी येतेय, तेव्हा बसून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा बीपी मोजून घ्या आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. आणि पूर्ण बंद कशासाठी? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी दिवसाला १३० ग्रॅम कार्ब सांगितले आहेत. आपण त्याच्या दुप्पट-तिप्पट खातो, ते निम्म्यावर आणलं तरी खूप झालं.

प्रश्न : ज्वारीच्या भाकरीत कार्ब नसतात ना?

असतात. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम, तांदळात ७८. ज्वारीत तंतू जास्त, म्हणून ती बरी, पण मोजूनच.

प्रश्न : भात सोडला की सेरोटोनिन (मूड सांभाळणारं मेंदूतलं रसायन) कमी होऊन नैराश्य येतं, असं एका रीलमध्ये ऐकलं. घाबरून पुन्हा दोन्ही वेळा भात सुरू केला. (वय ४६, रत्नागिरी)

रीलवाल्याने अर्धंच सांगितलं. कार्ब खाल्ले की इन्सुलिन वाढतं, बाकीची अमिनो आम्लं स्नायूंत ओढली जातात आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला मेंदूत शिरायला वाट मोकळी होते. त्यापासून सेरोटोनिन बनतं, हे खरं. मात्र त्याच घासात थोडं प्रथिन आलं तरी हा परिणाम जवळजवळ पुसला जातो. आपण वरण-भात खातो, दही-भात खातो. नुसता कोरडा भात कोण खातं?

मूडवर परिणाम होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २००९ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेली १०६ माणसं, वर्षभर, निम्म्यांना अगदी कमी कार्ब आणि निम्म्यांना कमी चरबी. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं. पहिले आठ आठवडे मूडही दोन्हीकडे सुधारला. वर्षाअखेर कमी चरबीवाल्यांची सुधारणा टिकली, कमी कार्बवाल्यांचा मूड मात्र जवळपास मूळ जागी आला. कारण ठामपणे सांगता येत नाही. सगळं घर एका ताटाला आणि आपलं ताट रोज वेगळं, हे वर्षभर निभावणं सोपं नसतं. माझ्या अनुभवात बरीचशी उदासी तिथूनच येते. तेव्हा दुपारी एक वाटी भात घरच्यांबरोबर बसून खा. मधुमेह असेल तर वाटीचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

प्रश्न : पती ५८ वर्षांचे, दहा वर्षं मधुमेह. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. दीड महिन्यापूर्वी ग्रुपवरचं वाचून भाकरी, भात, फळं सगळं सोडलं. शुगर सुरेख येते. पण संध्याकाळी पाचच्या सुमारास इतके भडकतात की नातवंडं घाबरतात. मग घामाघूम होऊन गप्प बसतात. मन शांत राहायला काही औषध सुचवाल का? (सांगली)

ताई, मन शांत करायचं कुठलंही औषध त्यांना देऊ नका. आज संध्याकाळी ते भडकले की आधी बोटाला सुई लावून ग्लुकोमीटरवर शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बिस्किट किंवा चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. मशीन हाताशी नसेल तर न तपासता साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठा.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. नंबर लागायला उशीर झाला म्हणून कंपाउंडरवर ओरडत होते. वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि सुटलेलं बटण लावायला जावं तर बोटं थरथरत होती. शुगर ४८. साखरपाणी प्यायले, पंधरा-वीस मिनिटांत निवळले आणि विचारू लागले, मी काही बोललो का? घरचे महिनाभर म्हणत होते, रिटायर झाल्यापासून स्वभाव बिघडला. ग्लिमेपिराइड तुम्ही खाल्लंय की नाही हे बघत नाही, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतंच. या शिक्षकांचीही तीच गोळी, आणि तिचा डोस दोन वेळच्या भाकरी-भातावर बेतलेला होता. भाकरी गेली आणि डोस तेवढाच राहिला. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही असंच होतं.

तुमच्या घरी दुसरा धोकाही आहे, आणि तो मला जास्त भेडसावतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, किमती उतरल्या, आणि आज ही गोळी घरोघरी आहे. चांगली गोळी आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडांना जपते. पण ती चालू असताना कार्ब जवळपास बंद केले तर कीटोन्स इतके साठू शकतात की रक्त आम्लधर्मी होतं, आणि तेव्हा शुगर २५० च्या आत, कधी दीडशे-दोनशेच असते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप. मशीनवर आकडा बरा दिसतो, म्हणून घरचे ‘पित्त झालं असेल’ म्हणत दोन दिवस काढतात. ते दोन दिवस जिवावर बेतू शकतात. यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला रुग्णालयात न्या, गोळीचं पाकीट दाखवा आणि कीटोन तपासा असं स्वतःहून सांगा.

दीड महिना झाला आणि डॉक्टरांना अजून माहीत नाही, याचा मला खरंच राग येतो. आहार बदलायच्या आधी विचारायचं असतं, कारण काहींचा डोस पहिल्याच दिवशी कमी करावा लागतो. ते ओरडतील म्हणून सांगत नाही, असं कितीजण लिहितात! ओरडू देत. सगळ्या गोळ्या घरच्या घरी बंद करणं हाही उपाय नाही. उद्या सकाळी पतींना डॉक्टरांकडे घेऊन जा, आठवड्याचे शुगरचे आकडे वेळेसकट कागदावर लिहून न्या.

प्रश्न : कीटो आटा (कार्ब जवळपास बंद करणाऱ्या कीटो आहारासाठीचं पीठ) घ्यावा का? पाकिटावर ‘फक्त ३ ग्रॅम नेट कार्ब’ असं आहे. (ठाणे)

पाकीट उलटं करा. नेट कार्ब म्हणजे एकूण कार्बमधून तंतू वगैरे वजा करून उरलेले. तो आकडा ‘प्रति सर्व्हिंग’ असतो, आणि सर्व्हिंग वीस-पंचवीस ग्रॅमचं धरलेलं. तेवढ्या पिठात एक धड पोळीही होत नाही. मागच्या बाजूला १०० ग्रॅममागे एकूण कार्ब किती ते वाचा. काहींत गव्हातलं ग्लूटेन वेगळं काढून घातलेलं असतं, सीलिअॅकच्या (ग्लूटेन न सोसणाऱ्या आजाराच्या) रुग्णाला ते विषच. ‘शुगर फ्री’ मिठाईत माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर शुगर थोडी चढते आणि पोटही बिघडतं. त्या पैशांत अंडी, पनीर, भाजी आणा.

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची, बायपोलरसाठी (मूड टोकाचा चढण्या-उतरण्याच्या मानसिक आजारासाठी) लिथियम चालू आहे. कीटो आहाराने असे रुग्ण बरे होतात असं वाचलं. आहार सुरू करून गोळी थांबवावी का? (पुणे)

गोळी थांबवू नका. आहारही मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. तुम्ही बहुधा २०२४ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासाबद्दल वाचलंय. त्यात २१ रुग्ण होते, काळ चार महिन्यांचा, तुलनेला दुसरा गट नव्हता आणि रुग्णांची औषधं चालूच होती. अपस्माराच्या मुलांना १९२१ पासून हा आहार देतात, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुमच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. या आहारात शरीरातलं मीठ आणि पाणी कमी होतं, आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. हात जास्त थरथरणं, जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी लिथियमची पातळी तपासून घ्या.

प्रश्न : उपवासाला साबुदाणा चालेल?

साबुदाणा जवळपास नुसता स्टार्च आहे. कार्ब कमी करायचे असतील तर नाही.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं, अंगावर पितं. कीटो करू?

नको. अंगावर पाजणाऱ्या बायकांत कीटोन्स धोकादायक वाढल्याच्या नोंदी आहेत. वजनासाठी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : वय ४१. तीन महिन्यांपूर्वी कार्ब कमी केले. दोन महिन्यांपासून पहाटे चारला जाग येते, कशात मन लागत नाही, रडू येतं. गोड खायला लागलो तर बरं वाटेल का? (कोल्हापूर)

गोडाने हे जाणार नाही. आहार सुरू झाला आणि मग असं झालं, म्हणून दोष आहाराचाच असं धरून तुम्ही दोन महिने घालवलेत. मन उदास, झोप मोडलेली, रस उडालेला, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं की डॉक्टरांकडे जायचं. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड तपासा. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. आणि मानसोपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर आठवड्याचीही वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आत्ता फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. आणि हे पत्र घरातल्या एका माणसाला वाचायला द्या.