हात दाराच्या हँडलवरच!

"मॅडम, त्यानं तर काहीच नाही केलं, मग मी काहून एवढी घाबरून राहिली?" असं विचारत एक मुलगी आली होती माझ्याकडे समुपदेशनाला (ओळखीचे तपशील बदललेत). नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, सुटायला रात्रीचे अकरा, घर त्रिमूर्ती नगरला. एका रात्री कॅबवाल्यानं वर्धा रोड सोडून गाडी आतल्या रस्त्याला घातली, लाइट नाहीत, हा फोनवर हळू आवाजात कोणाशी तरी बोलतोय, आणि शेवटी घरासमोर नीट सोडलं. बस. पण तेव्हापासून कॅब बंद, बीपीवाले बाबा रोज रात्री स्कूटरवर घ्यायला येतात.

घरचे म्हणतात काही झालंच नाही ना, मग सोड. मला हे अजिबात पटत नाही. अनोळखी माणूस, बंद काचा आणि स्टिअरिंग त्याच्या हातात, भीती वाटणारच की.

मी विचारलं, गाडीत तू काय काय करतेस? नंबरप्लेट ॲपशी जुळवते, ओटीपी बसायच्या वेळीच देते, ट्रिप आईला शेअर करते. छान. पुढे म्हणाली, पूर्ण रस्ता दाराचं हँडल धरून बसते, मिनिटामिनिटाला मॅप, आणि ४.८ च्या खाली रेटिंग असलं की कॅन्सल. तळहात दाखवला, नखं रुतल्याचे वण होते. पहिल्या तीन गोष्टी सुरक्षेच्या, बाकीच्या भीतीला खतपाणी, कारण सुखरूप पोचलं की मन म्हणतं हँडल धरलं म्हणून वाचलो, आणि उद्या अजून घट्ट धरतं. (रेटिंगचं म्हणाल तर एसी लावला नाही म्हणूनही लोक स्टार कापतात.) हँडलऐवजी बसतानाच दार एकदा आतून उघडून बघ म्हटलं, १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या टॅक्सींना तसंही चाइल्ड लॉक (मागचं दार आतून उघडू न देणारं) चालत नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली, त्या रात्री ती एक शब्द बोलली नव्हती. उद्धट वाटेल म्हणून! मग मी झाले ड्रायव्हर, खुर्ची पुढे ओढून तिच्याकडे पाठ करून बसले, आणि तिनं म्हणायचं, "भाऊ, मॅपवरच्याच रस्त्यानं घ्या." पहिल्यांदा आवाज इतका बारीक की मला पंखाच ऐकू आला. सात-आठ वेळा केलं. आणि ऐकलंच नाही तर? पेट्रोल पंप दिसला की थांबवायला सांगायचं, नाही थांबला तर सरळ ११२, मनाची खात्री होईपर्यंत वाट नाही बघायची.

मग पुन्हा कॅब, आधी भावासोबत दिवसा सीताबर्डीपर्यंत, मग एकटी, मग रात्री, असे दीड महिना गेले.

परवा सांगत होती, ड्रायव्हर म्हणे ताई, तिकडं खोदून ठेवलंय (नागपुरात कुठं नाही?), आतून घेतो. ही म्हणाली, असू द्या, तिकडूनच घ्या.

"वीस मिनिटं जाममध्ये फसली मॅडम," म्हणून इतकी हसली!