वाचकांचे प्रश्न : बीएला गेली, तर विश्वासाचं काय?

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला चांगले गुण आहेत, पण तिला तत्त्वज्ञान आणि इतिहास घेऊन बीए करायचंय. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे बायबलमधलं 'तत्त्वज्ञान व पोकळ भुलथापा' हे वचन दाखवून घाबरवतात. नातेवाईक विचारतात, पोट कसं भरेल?
– एक आई, कळवा

उत्तर : त्या वचनात, म्हणजे कलस्सै 2:8 मध्ये, प्रेषित पौल सावध राहायला सांगतो, शिकू नका म्हणत नाही. अथेनैत (अथेन्समध्ये) तो स्वतः ग्रीक कवींची ओळ उद्धृत करतो (प्रे. कृत्ये 17:28). दानीएलाला तर खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, विद्या आणि भाषा शिकायला तीन वर्षं ठेवलं होतं, म्हणजे आपल्या बीएइतकीच! त्यानं नाकारलं ते राजाचं अन्न, पुस्तकं नव्हेत. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या नसत्या, तर मूळ भाषांतून मराठी बायबल त्यांच्या हातून झालंच नसतं.

विश्वास डळमळतो तो बहुधा अवघड प्रश्न वर्गात पहिल्यांदाच आणि एकटीनं ऐकावा लागतो म्हणून. तेव्हा प्रवेशाआधीच येशूच्या पुनरुत्थानाची चारही वर्णनं, म्हणजे मत्तय 28, मार्क 16, लूक 24 आणि योहान 20, शेजारी शेजारी ठेवून वाचा. कबरेकडे कोण कोण गेलं, तिथे कोण दिसलं, हे तिला चार रकान्यांत लिहू द्या. फरक दिसतील, त्यावर ईश्वरविज्ञान शिकलेल्या पाळकांशी बोला. 'असं विचारू नये' म्हणणारे पाळक असतील, तर दुसरे शोधा.

कॉलेज निवडताना माहितीपुस्तिका नको, चालू सत्राचं वेळापत्रक मागा. मायनरच्या, म्हणजे दुय्यम विषयांच्या, यादीत तत्त्वज्ञान असतं, पण मुलं कमी पडली की तो वर्ग भरतच नाही. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे 60 तास; ते कायम प्राध्यापक घेतात की तासिका तत्त्वावरचे, हेही विचारा. विल्सन (1832) आणि झेवियर्स (1869) ही मिशनऱ्यांनी काढलेली कॉलेजं. कळव्याहून झेवियर्स सोपं, सीएसएमटीहून चालत जाता येतं. विल्सनसाठी दादरला गाडी बदलून चर्नी रोड. पण संताचं नाव पाटीवर आहे म्हणून विश्वास आपोआप जपला जात नाही. मुलगी सायन्सची आहे, तेव्हा तर्कशास्त्र किंवा संख्याशास्त्राचा एखादा पेपर जरूर घेऊ द्या.

पोटाचं म्हणाल, तर नुसत्या बीएवर पहिला पगार बेताचाच. पुढे एलएलबी तीन वर्षं, बीएड किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्य) दोन. यूपीएससीला कोणतीही पदवी चालते. या पुढच्या वर्षांचा खर्च आजच हिशेबात धरा. आणि गाइड घरात आणू नका. पाठ केलेल्या उत्तरांवर पदवी मिळते, पण स्वतः वाचून दोन पानं लिहिण्याची सवय लागत नाही, आणि वकिली असो की शिक्षकी, तिथे नेमकी तीच लागते.

प्रश्न : बीए तीन वर्षांचं करावं की चार?
– एक विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : वकिली किंवा बीएड करायचं असेल, तर तीन वर्षांवर थांबा. संशोधनात जायचं असेल, तर चार करा. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील, तर थेट पीएचडी प्रवेशासाठी पात्र होता. एमए मात्र दोन्ही वाटांनी पाचव्या वर्षीच.