पाणकावळे मारले, तर मासे वाढतात का?

प्रश्न : आम्ही कॅनडात ओंटारिओ प्रांतात राहतो आणि उन्हाळ्यात सरोवरावर गळ टाकून मासे पकडण्याचा आम्हाला छंद आहे. येथे दर शरद ऋतूत पाणकावळ्यांच्या शिकारीला परवानगी असते. ‘हे पक्षी मासे फस्त करतात, ते मारलेच पाहिजेत’ असे आमच्या ओळखीचे मासेमार सांगतात, तर पक्षिप्रेमी याला कत्तल म्हणतात. या शिकारीने मासे खरोखर वाढतात का?
— एक वाचक, हॅमिल्टन, ओंटारिओ

उत्तर : मासेमारांची तक्रार अगदी निराधार नाही, हे आधी मान्य करायला हवे. आपल्या सरोवरांवर दिसणारा दुहेरी तुऱ्याचा पाणकावळा, म्हणजे डबल-क्रेस्टेड कॉर्मोरंट, हा महाराष्ट्रातल्या तळ्यांवर नेहमी दिसणाऱ्या लहान पाणकावळ्यापेक्षा बराच मोठा असतो. त्याचे वजन दोन किलोंच्या आसपास भरते आणि तो दिवसाकाठी साधारण अर्धा किलो मासे खातो. एखाद्या बेटावर पाच हजार जोड्यांची वसाहत असेल, तर फक्त मोठ्या पक्ष्यांचाच रोजचा खुराक पाच टनांच्या घरात जातो, पिलांचा वेगळा. हा हिशेब ऐकल्यावर ज्याचे पोट मासेमारीवर किंवा मासेमारीला येणाऱ्या पर्यटकांवर अवलंबून आहे, त्याच्या मनात राग येणे स्वाभाविकच आहे.

या रागाला एक इतिहासही आहे. डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळे या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली, की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या भारानेच ती फुटत. १९७३ मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्स या महासरोवरांच्या संपूर्ण परिसरात त्यांच्या जेमतेम सव्वाशे जोड्या उरल्या होत्या. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली आणि त्याच वर्षी या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण दिले. त्यातच सरोवरांमध्ये एलवाइफ नावाचा बाहेरून आलेला लहान मासा मुबलक झालेला होता. परिणामी २००० सालापर्यंत जोड्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. सत्तरच्या दशकात तरुण असलेल्या मासेमाराने हा पक्षी क्वचितच पाहिलेला असतो, त्यामुळे तो त्याला उपरा वाटतो आणि माशांच्या घटीचे खापर साहजिकच त्याच्या माथी फुटते. प्रत्यक्षात सरोवरांतल्या मौल्यवान माशांना बेसुमार मासेमारी, प्रदूषण आणि सी लॅम्प्रे या रक्तशोषक परोपजीवी माशाने पाणकावळे परतण्यापूर्वीच जेरीस आणले होते.

आता हे पाच टन मासे कोणते, हे पाहू. ते समजण्याची पद्धत मोठी सुरेख आहे. पाणकावळा न पचलेली हाडे आणि खवले श्लेष्माच्या आवरणात गुंडाळलेल्या गोळीच्या रूपाने बाहेर टाकतो. संशोधक वसाहतीतून अशा गोळ्या गोळा करतात आणि त्यांतले माशांच्या कानातले बारीक खडे वेचून काढतात. या खड्याच्या आकारावरून मासा कोणत्या जातीचा होता आणि किती मोठा होता, हे ठरवता येते. ओंटारिओ सरोवराच्या पूर्व टोकाजवळ, न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीत लिटल गॅलू नावाचे बेट आहे. स्मॉलमाउथ बास हा गळाने मासे पकडणाऱ्यांचा आवडता मासा कमी झाल्याच्या रागातून जुलै १९९८ मध्ये काही जणांनी तेथे आठशेहून अधिक पाणकावळे बेकायदा गोळ्या घालून मारले आणि त्यांना शिक्षाही झाली. त्याच बेटावर पक्ष्यांनी टाकलेल्या हाडा-खवल्यांच्या गोळ्यांमध्ये २००४ पासून राउंड गोबी या माशाचे अवशेष सापडू लागले आणि पाहता पाहता तेच पक्ष्यांचे मुख्य अन्न बनले. गोबी हा जहाजांत तोलासाठी भरलेल्या पाण्यातून आलेला उपद्रवी मासा आहे. कोणी हौशी मासेमार त्याच्यासाठी गळ टाकत नाही. तेव्हा १९९० च्या दशकातला पाणकावळा आणि आजचा पाणकावळा एकाच सरोवरात असले, तरी त्यांनी केलेले नुकसान सारखे धरता येत नाही.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. पक्ष्याने खाल्लेला प्रत्येक लहान मासा मोठा होऊन आपल्या गळाला लागला असता, असे नाही. माशांच्या पिलांपैकी बहुतेक पहिल्या एकदोन वर्षांत उपासमारीने, थंडीने किंवा मोठ्या माशांच्या तोंडी जाऊन मरतातच. अगदी लहान मासे पाणकावळ्याने खाल्ले, तर त्यातला बराचसा भाग या ना त्या मार्गाने जाणाराच असतो. मात्र दोन-तीन वर्षांचे, पकडण्याजोगे होण्याच्या बेतात आलेले मासे खाल्ले, तर ते नुकसान थेट मासेमाराचे असते. न्यूयॉर्कमधील ओनायडा सरोवरात वॉलआय आणि यलो पर्च या माशांच्या बाबतीत असेच घडल्याचे अभ्यासातून दिसले. म्हणून ‘पाणकावळे निरुपद्रवी आहेत’ हे पक्षिप्रेमींचे सरसकट विधानही मला पटत नाही.

ओंटारिओच्या शिकारीवर माझा मुख्य आक्षेप तिच्या वेळेबद्दल आणि जागेबद्दल आहे. २०२० पासून तेथे १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात प्रत्येक परवानाधारक शिकाऱ्याला दिवसाला १५ पाणकावळे मारण्याची मुभा आहे. (२०१८ च्या मूळ प्रस्तावात हा आकडा ५० होता आणि हंगाम मार्चच्या मध्यापासून सुरू होणार होता. तसे झाले असते तर घरट्यात पिले असतानाच त्यांचे आईबाप मारले गेले असते, आणि त्या प्रस्तावाला झालेला विरोध योग्यच होता.) परंतु सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वीण संपलेली असते. पिलांना भरवण्याचा, म्हणजे माशांवर सर्वाधिक ताण येण्याचा काळ मागे पडलेला असतो, वसाहती रिकाम्या होऊन पक्षी पांगलेले असतात आणि दक्षिणेकडे जाणारे उत्तरेचे थवेही त्यांत मिसळलेले असतात. या काळात बंदुकीसमोर येणारा पक्षी आपल्या सरोवरातले मासे खाणारा आहे की वाटसरू, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यांत त्या वर्षीची अननुभवी पिलेही पुष्कळ असतात आणि त्यांच्यातली बरीच पहिला हिवाळा पाहतच नाहीत. पाण्यात खोल बसून पोहणारा लून पक्षी दुरून पाणकावळ्यासारखाच दिसतो, हा धोका वेगळाच. तेव्हा या शिकारीने मासे वाढतील, अशी अपेक्षा धरायला मला आधार दिसत नाही.

याउलट मिनेसोटातील लीच लेक येथे २००५ पासून वसाहतीवरच, वीण चालू असताना, प्रशिक्षित लोकांनी पक्षी कमी केले. अडीच हजारांच्या आसपास असलेल्या जोड्या सुमारे पाचशेवर आणल्या आणि वॉलआयची संख्या सावरली. मात्र त्याच काळात तेथे वॉलआयची पिले सोडली गेली आणि किती मोठे मासे पकडायचे यावरही निर्बंध आले, त्यामुळे सगळे श्रेय बंदुकीला देता येत नाही. आपल्या मासेमार मित्रांना एकच विचारा : तुमच्या सरोवरात कोणत्या जातीचे, कोणत्या वयाचे मासे घटले आणि शिकार सुरू झाल्यानंतर ते किती वाढले? मारलेल्या पक्ष्यांचा आकडा हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

प्रश्न : शिकाऱ्यांच्या हौसेवर न सोडता सरकारने शास्त्रीय पद्धतीने पाणकावळे कमी केले, तर त्याला आक्षेप का असावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तत्त्वतः नसावा, पण कोलंबिया नदीवर काय झाले ते आपण जरूर पाहावे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर या नदीच्या मुखाशी ईस्ट सँड आयलंड नावाचे बेट आहे. तेथे या जातीच्या पाणकावळ्यांची जगातली सर्वांत मोठी वसाहत होती. २०१३ मध्ये जवळजवळ पंधरा हजार जोड्या. समुद्राकडे निघालेली सॅमनची पिले ते दर वर्षी लाखोंनी खात होते आणि त्यांत संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या सॅमनचीही पिले होती. संशोधक या पिलांच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. हंगाम संपल्यावर बेटाच्या जमिनीवरून यंत्र फिरवले, की विष्ठेतून पडलेल्या चिपा सापडतात आणि कोणत्या नदीतली किती पिले पक्ष्यांनी खाल्ली, याचा अंदाज येतो. म्हणजे पुरावा भक्कम होता.

त्या आधारावर लष्करी अभियंत्यांच्या खात्याने २०१५ ते २०१७ या काळात सुमारे साडेपाच हजार पक्षी गोळ्या घालून मारले आणि हजारो अंड्यांवर तेल फवारले. (तेलाने कवचाची छिद्रे बुजतात आणि आतला जीव गुदमरतो, पक्षी मात्र ती अंडी उबवत राहतो, नवी घालत नाही.) मे २०१६ मध्ये सगळी वसाहतच एकाएकी बेट सोडून गेली. या पक्ष्यांपैकी हजारो पुढे नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या अ‍ॅस्टोरिया-मेगलर पुलावर घरटी करून राहिले. बेटावर असताना त्यांना समुद्रातले हेरिंग आणि अँकोव्ही सहज मिळत आणि सॅमन हा त्यांच्या आहाराचा एक भाग होता. पुलाजवळ तो पर्याय कमी, म्हणून तेथला एकेक पक्षी सॅमनची पिले पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक खाऊ लागला. शिवाय विष्ठेने पुलाचे पोलाद गंजण्याची नवी डोकेदुखी उभी राहिली ती वेगळीच. मुळात सॅमन खालावला तो धरणांमुळे, आणि धरणांनी केलेल्या हानीची भरपाई म्हणूनच ही मोहीम आखली गेली होती. पक्ष्यांना गोळ्या घालणे धरणांच्या कारभारात बदल करण्यापेक्षा सोपे होते, म्हणून तो मार्ग निवडला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे होऊनही अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये नवा नियम करून मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांसाठी मिळून वर्षाला कमाल १,२१,५०४ पाणकावळे मारण्याची मर्यादा ठरवली. हा सगळा कोटा वापरलाच पाहिजे असे बंधन नाही, पण प्रत्येक परवान्यामागे माशांचा हिशेब मागितला गेला, तरच तो नियम ‘शास्त्रीय’ म्हणवून घेऊ शकेल.

प्रश्न : माझ्या शेततळ्यात रोहू, कटला आणि मृगळ आहेत. बोटुकली (माशांची बोटाएवढी पिले) सोडली, की पाणकावळे उतरतात. ते मारता येतील का?
— एक मत्स्यशेतकरी, इंदापूर

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार पाणकावळ्याची शिकार हा गुन्हा आहे. मालमत्तेला धोका असल्यास कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, परंतु ती परवानगी हातात नसताना बंदूक, विष किंवा फासे यांपैकी काहीही वापरू नये.

आपले नुकसान मात्र खरे आहे, आणि सरोवरापेक्षा येथे ते स्पष्ट दिसते, कारण शेततळ्यातला प्रत्येक मासा आपण पैसे मोजून सोडलेला असतो. सुदैवाने शेततळे झाकता येते, सरोवर झाकता येत नाही. तळे लहान असेल, तर त्यावर जाड दोऱ्याचे, दुरून दिसेल असे जाळे ताणून बांधा. सैल आणि बारीक जाळ्यात पक्षी अडकून मरतात. पाणकावळ्याला पाण्यावरून धावत उड्डाण घ्यावे लागते, त्यामुळे मोठ्या तळ्यावर थोड्याथोड्या अंतराने आडव्या दोऱ्या ताणल्या तरी त्याची अडचण होते. बोटुकली एकदम मुख्य तळ्यात न सोडता आधी झाकलेल्या लहान तळ्यात वाढवा, कारण लहान पाणकावळ्याला मोठा मासा गिळता येत नाही. पहिले काही आठवडे सकाळ-संध्याकाळ माणसाची किंवा कुत्र्याची फेरी ठेवा. बुजगावणे आणि फटाके यांना पक्षी लवकर सरावतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. आणि दर महिन्याला जाळे ओढून नमुना घेत चला : बोटुकली कमी झाली ती पक्ष्यांनी खाऊन, की प्राणवायू कमी पडून, हे त्याशिवाय आपल्याला कळणार नाही.