सोरायसिस आणि उच्च रक्तदाब यांचा एकमेकांशी संबंध आहे का?

आपले वय 43 आहे, सोरायसिस 11 वर्षांपासून आहे आणि कार्यालयातील वार्षिक तपासणीत रक्तदाब 150/96 निघाला. तेव्हा हा योगायोग समजावा की दोन्हींचा काही संबंध आहे, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, परंतु गेली 22 वर्षे सोरायसिस आणि 9 वर्षे रक्तदाब या दोन्ही विकारांसह जगत असल्याने सांगतो, की संबंध आहे आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

सोरायसिसचे चट्टे कोपर, गुडघे, डोके येथे दिसतात म्हणून आपण त्याला कातडीचा आजार म्हणतो. प्रत्यक्षात तो रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून निर्माण होणारा दीर्घकालीन दाह आहे, आणि त्या दाहाला चालना देणारे टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-17 यांसारखे घटक रक्तातून सर्व शरीरभर फिरतात. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून त्यांना सैल ठेवत असते. दाहामुळे ते काम मंदावले, की वाहिन्या ताठर होऊ लागतात. वाढलेले वजन, मद्य, तंबाखू आणि खाजेमुळे मोडणारी झोप यांचाही यात वाटा असतो, त्यामुळे एखाद्या रुग्णाचा रक्तदाब केवळ सोरायसिसमुळेच वाढला, असे ठामपणे सांगता येत नाही.

अनेक अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, सोरायसिस नसलेल्यांच्या तुलनेत उच्च रक्तदाब आढळण्याचे गुणोत्तर (1 म्हणजे काहीच फरक नाही) सौम्य सोरायसिसमध्ये 1.30 आणि तीव्र सोरायसिसमध्ये 1.49 आले होते. ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या 2015 च्या अभ्यासात तर असे दिसले, की आधीच रक्तदाब असलेल्यांमध्ये चट्ट्यांनी व्यापलेली त्वचा जितकी जास्त, तितका रक्तदाब आटोक्याबाहेर असण्याची शक्यता अधिक. बोटांसह आपला तळवा म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे 1 टक्का, या मापाने आपले चट्टे मोजून पाहावेत.

औषधांविषयी मात्र मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण माझी फसगत तेथेच झाली. चट्टे अंगभर पसरल्यावर मला सायक्लोस्पोरिन हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्यात आले. हे औषध रक्तदाब वाढवू शकते आणि मूत्रपिंडावरही ताण आणते, म्हणून ते चालू असताना रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) नियमितपणे तपासावे लागते. त्या दवाखान्यात मला हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. डोके सतत दुखू लागले म्हणून शेजारच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा रक्तदाब 168/104 होता. सांधेदुखीसाठी आपण डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही वेदनाशामके वारंवार घेत असाल, तर त्यानेही रक्तदाब चढू शकतो. पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडनेही तो वाढू शकतो, शिवाय ते एकाएकी बंद केल्यास सोरायसिस उसळू शकतो. त्यामुळे घटक न लिहिलेल्या ‘हमखास गुण’ देणाऱ्या पुड्यांपासून दूर राहावे, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. ज्येष्ठमधही रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढवते, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

उलट बाजूही पाहावी लागते. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांनी काही रुग्णांचा सोरायसिस बळावतो, कधी कधी सुरुवातीनंतर काही महिन्यांनी. म्हणून रक्तदाबाची गोळी ठरण्यापूर्वी फिजिशियनना सोरायसिसची माहिती द्यावी. बीटा-ब्लॉकर गोळी आधीच चालू असेल, तर स्वतःहून बंद करू नये, कारण ती अचानक थांबवणे हृदयासाठी धोक्याचे असते.

एका मापनावर निदान होत नाही. दंडावर पट्टा बांधण्याचे यंत्र घेऊन सात दिवस सकाळ-संध्याकाळ, 5 मिनिटे शांत बसल्यानंतर, दोन-दोन वेळा मोजून आकडे वहीत लिहावेत. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये. पहिला दिवस वगळून सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक आली, तर ती वही आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, मलमांसह, घेऊन डॉक्टरांकडे जावे. आकडा 180/120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे किंवा दृष्टी अंधुक होणे असेल, तर वहीसाठी न थांबता लगेच रुग्णालय गाठावे.