गुहागर ते गणपतीपुळे पायी निघण्याआधी

भाऊ, आपल्या वावरातल्या काळ्या मातीत दिवसभर चालतो म्हणून कोकणचा किनारा सोपा समजू नको. तिकडं जांभा दगड, ओल्या खडकावर शेवाळ आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (एक प्रकारचे शिंपले) पात्यासारख्या धारदार कडा. मी पहिल्या वेळेस चपलेवर गेलो अन् वेळणेश्वरपुढं तळवा फाडून घेतला. तू जाड तळाचे बूटच घाल.

सगळ्यात आधी भरतीचं वेळापत्रक पाहा. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. ओहोटी लागल्यावरच खडकावर उतर, पाणी फिरायच्या आत वर ये. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी अरुंद फटीतून उंच उसळतं, ते लांबूनच पाहा. खरंच लांबून!

खाडी पोहून ओलांडायची नाही. तवसाळहून जयगडला फेरीबोट आहे.

ऊन आपल्यापेक्षा कमी, पण हवा दमट, घाम सुकतच नाही. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेव. डिसेंबर-जानेवारीत जा. मुक्कामाची जागा आधी फोन करून पक्की कर, आणि रोज संध्याकाळी घरी कळव. माय वाट पाहत असते.