रोपं आडवी पडतायत?

तू लिहिलंस की ट्रेमध्ये बियांपासून केलेली फुलझाडांची रोपं आडवी पडतायत, काही लांबुडकी झालीयत आणि पिटुनिया उगवलाच नाही. देठ मातीलगत बारीक, पाणचट होऊन रोपं माना टाकत असतील तर ती 'मर' आहे, बुरशीचं काम. पडलेली रोपं वाचत नाहीत. उपटून टाक आणि उरलेल्यांचं पाणी आधी कमी कर. वरून शिंपडू नकोस, ट्रेच्या खालून दे. बोट टेकवून बघ, वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नाही. मीही पहिल्या वर्षी प्रेमापोटी अख्खा ट्रे बुडवला होता!

लांबुडकी, फिकट रोपं म्हणजे उजेड कमी. आणि पिटुनिया उगवलाच नाही म्हणतोस, तर बी मातीखाली गाडलंस का? त्याला उजेड लागतो, नुसतं वर भुरभुरायचं, हलकेच दाबायचं. झेंडूचं बी मात्र अर्धा सेंटिमीटर खोल चालतं.