वर्क्स कमिटीच्या सहीने जेवणाची सुट्टी कमी होते का?

प्रश्न : आमच्या कारखान्यात १४० कामगार असून नोंदणीकृत युनियन आहे. वर्क्स कमिटीच्या बैठकीत व्यवस्थापनाने कामगार प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाची पाऊण तासाची सुट्टी अर्ध्या तासावर आणली. ‘तुमच्याच माणसांनी मान्य केले आहे,’ असे आता सांगतात. हे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून तरी नाही. शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत सरकारच्या आदेशाने नेमली जाणारी वर्क्स कमिटी, म्हणजे मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची संयुक्त समिती, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. मात्र तिचे काम मालक-कामगारांतील सलोखा टिकवणे आणि मतभेद मिटवण्याचा प्रयत्न करणे एवढेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीच्या खटल्यात हे स्पष्ट केले. तेथे कामाच्या फेररचनेला कमिटीने होकार दिला होता आणि कामगारांनी ती नाकारली होती. कमिटी ही संघटनेची जागा घेऊ शकत नाही आणि सेवाशर्तींतील महत्त्वाचे बदल तिच्या कक्षेत येत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले.

कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ हे विषय संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत येतात. त्यांत बदल करायचा असेल, तर कलम ४० नुसार आधी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर २१ दिवस थांबावे लागते. रीतसर करार झाला असल्यास नोटिशीची गरज नसते, परंतु बैठकीच्या इतिवृत्तावरील सह्या म्हणजे असा करार नव्हे. तातडीच्या प्रसंगी पाळी बदलण्याची सवलत आहे खरी, पण ती केवळ पाळीपुरती आहे आणि त्यासाठीही सल्लामसलत तक्रार निवारण समितीशी, म्हणजे कामगारांच्या वैयक्तिक तक्रारी सोडवणाऱ्या वेगळ्या समितीशी, करावी लागते, वर्क्स कमिटीशी नव्हे. व्यवस्थापन या दोन समित्यांची सोयीस्कर गल्लत करते, हा अनुभव अनेकांना येतो.

आक्षेप अर्ध्या तासावर न घेता बदलाच्या पद्धतीवर घ्यावा. युनियनने इतिवृत्ताची प्रत लेखी मागावी, नोटीस कोणत्या तारखेला दिली हे विचारावे, आणि उत्तर न आल्यास कामगार आयुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. सह्या करणाऱ्या सहकाऱ्यांवर राग धरू नये. बऱ्याचदा समोर आलेला कागद हजेरीचा आहे असेच त्यांना वाटलेले असते.